मावशीच्या पिशवीतला हत्ती

पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणारी आपल्या भागातली मुलं दिवाळीला गावी आली की हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. पंचविशीतल्या मुलीच्या सॅकला अस्वल लटकलेलं, नाहीतर कापडी ससा कुशीत घेऊन ती गाडीत झोपलेली. घरच्यांचं वाक्यही ठरलेलं, "लग्नाचं वय झालं, अजून बाहुल्या सुटेनात!"

२०२५ साली बॅगेला लाबुबू लटकवायची लाट आली, तिच्यात मिरवण्याचा भाग मोठा होता. ते सोडून देऊ. त्याच वर्षी जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळात गेले, तेव्हा यानात 'जॉय' नावाचा एक मऊ हंस होता. तो तरंगू लागला की वजनरहित अवस्था सुरू झाली असं समजायचं. तिथे त्याला काम होतं, म्हणून कुणी हसलं नाही. मला बोलायचंय ते निव्वळ धीरासाठी सोबत नेलेल्या खेळण्याबद्दल.

माझी मावशी निपाणीची. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. गेल्या वर्षी केमोसाठी दर २१ दिवसांनी तिला बेळगावला न्यायचो. दुसऱ्या खेपेला तिच्या नातीने आपला कापडी हत्ती पिशवीत घातला. मावशीने तो संकेश्वरपर्यंत पदराखाली झाकून ठेवला होता. शून्य रुपयांचं तिकीट देताना कंडक्टरला सोंड दिसली. "अज्जी, ह्याचं अर्धं काढू का?" बस हसली, मावशीही हसली. मग हत्ती उघड्यावर आला तो आलाच.

दवाखान्यात सलाईन चालू असताना एका हाताला हलायची बंदी. दुसऱ्या हाताने ती हत्तीचा कान चुरगळत राहायची, विडीचं पान चाचपावं तशी. माझ्या मामाला ते पाहवेना. "लोक काय म्हणतील, अक्का?" मावशी म्हणाली, "हसंनात का. सुई मला टोचत्यात, त्यास्नी न्हवं." पाचव्या खेपेला सोंड उसवली, ती तिने विडी बांधायच्या दोऱ्यानेच शिवली.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकांनी १९५१ साली अशा वस्तूंवर निबंध वाचला होता. आईपासून सुटं होताना मूल एखादं फडकं किंवा अस्वल धरतं. ते धड आईही नसतं आणि धड बाहेरचं जगही नसतं. त्यांनी आणखी एक बारकावा टिपला आहे. ती वस्तू कितीही मळली तरी आया ती धूत नाहीत, कारण वास गेला की मुलाच्या लेखी ती वस्तूच गेली. हे लहानांपुरतंच असतं असं मात्र नाही. इंग्लंडचे राजकवी जॉन बेचमन यांनी लहानपणीचं अस्वल कॉलेजातही नेलं आणि १९८४ साली ते वारले तेव्हाही ते त्यांच्याजवळ होतं.

आणि आपण तरी वेगळं काय करत होतो? आपल्याकडची वाकळ आठवा, कानडी शेजाऱ्यांची कौदी. आजीची जुनी लुगडी, इरकलीचे काठ, एकावर एक थर आणि वर बारीक धावदोरा. धारवाडला, पुण्याला होस्टेलवर निघालेल्या किती मुलांच्या वळकटीत ती गेली! तिथे ब्लँकेट मिळत होतं तरी गेली. थंडीचं निमित्त होतं, म्हणून बाप्या माणसालाही लाज वाटायची नाही. नाक खुपसून झोपलेल्याला कुणी 'बाळ आहेस का' असं विचारलं नाही. बिचाऱ्या सशाला तेवढं निमित्त सांगता येत नाही.

एक मान्य करायला हवं. खेळणं हाताशी नसलं की घराबाहेर पाऊलच पडत नसेल, तर त्या मुलाशी किंवा मुलीशी शांतपणे बोलायला हवं, गरज पडली तर डॉक्टरांशीही. पण बहुतेकांचं तसं नसतं. मुलाखतीला जाताना बॅगेत तळाशी ठेवलेला छोटा उंट कुणाचं काही बिघडवत नाही.

मावशीची केमो संपली. आता तीन महिन्यांनी तपासणी असते. नातीने हत्ती परत मागितला, तर म्हणाली, "अजून एक खेप होऊ दे, मग बघू." तिसरी तपासणी आता पौषात आहे.