उत्तरपत्रिकेवरची शपथ

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया

भरारी पथक, बैठक क्रमांक आणि खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे भाऊबंद पाहत मोठ्या झालेल्या आपल्या मुलाला इथल्या परीक्षेत पहिला धक्का बसतो. व्हर्जिनिया विद्यापीठात प्राध्यापक प्रश्नपत्रिका वाटून खुशाल निघून जाऊ शकतात. काही पेपर तर मुलं खोलीवर नेऊन सोडवतात. उत्तरपत्रिकेवर मात्र सहीनिशी शपथ लिहायची, की मी या परीक्षेत कुणाची मदत घेतली नाही आणि कुणाला केली नाही. सत्ययुगच म्हणायचं!

या सत्ययुगाची सुरुवात मात्र एका खुनाने झाली. १८४०च्या नोव्हेंबरात तोंड झाकून दंगा करणाऱ्या एका विद्यार्थ्याने जॉन डेव्हिस या कायद्याच्या प्राध्यापकांवर गोळी झाडली आणि ते त्यात गेले. विद्यार्थी आणि शिक्षक एकमेकांकडे शत्रूसारखे पाहत होते, असे ते दिवस. डेव्हिस यांच्या जागी आलेल्या हेन्री टकर यांनी १८४२ साली सुचवलं, की मुलांवर पहारा ठेवण्याऐवजी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवू. तीच ही ‘ऑनर सिस्टिम’. खोटं बोलणं, फसवणूक आणि चोरी हे तीन गुन्हे. आरोपाची चौकशी मुलंच करणार आणि निवाडाही मुलंच देणार. २०२२ पर्यंत दोषी ठरलेल्याला एकच शिक्षा होती, विद्यापीठातून कायमची हकालपट्टी. त्या वर्षी मुलांनीच मतदान करून ती सौम्य केली.

विश्वासाचा असा कारभार निर्धोक चालतो, असं कुणी समजू नये. २००१ मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाने निबंध ताडून पाहणारा संगणक प्रोग्राम लिहिला, तेव्हा शंभराहून अधिक मुलं संशयाच्या फेऱ्यात आली आणि चाळीसहून अधिक जणांना विद्यापीठ सोडावं लागलं. शिवाय परदेशी आणि आशियाई विद्यार्थ्यांवर त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त तक्रारी होतात, हेही ऑनर समितीच्याच पाहणीत दिसलं आहे. म्हणजे आपल्यासारख्या दिसणाऱ्यांवर डोळा जरा जास्तच.

पण मी पत्र लिहायला बसलो ते या शपथेचं कौतुक करायला नाही. आपल्या जामसर-जव्हारकडच्या कॉलेजातल्या मुलामुलींना सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे.

थॉमस जेफरसनने १८१९ मध्ये स्थापन केलेलं हे विद्यापीठ गुलामांनी बांधलं. त्यांनी जमीन सपाट केली आणि विटा भाजल्या. पुढे मुलांच्या खोल्या झाडणं, पाणी-लाकडं भरणं, बूट पुसणं हेही त्यांच्याच माथी आलं. १८१७ ते १८६५ या काळात असे सुमारे ४००० लोक इथे राबले, असा अंदाज आहे. परीक्षेत कॉपी न करण्याची शपथ घेणारी तरुण मंडळी या माणसांना मारहाण करत. १८५६ मध्ये एका विद्यार्थ्याने दहा-अकरा वर्षांच्या गुलाम मुलीला बेशुद्ध होईपर्यंत मारलं आणि वर त्याचं समर्थन केलं. त्या शपथेत हे कुठे बसतच नव्हतं! अब्रू होती ती गोऱ्या जमीनदारांच्या मुलांना. त्यांचे बूट पुसणाऱ्याला ती असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

२००७ मध्ये विद्यापीठाने या मजुरांच्या स्मरणार्थ एक लहानशी पाटी बसवली, तीही जमिनीत, पायाखाली. काही विद्यार्थ्यांना ते पटलं नाही. २०१० च्या सुमारास त्यांनी नीट स्मारकाची मागणी लावून धरली. पुढे विद्यापीठाने आयोग नेमला, दप्तरं उघडली, वंशज शोधले. २०२० मध्ये ग्रॅनाइटचं वर्तुळाकार स्मारक उभं राहिलं. आतल्या भिंतीवर ४००० खाचा आहेत. ज्यांची नावं सापडली त्यांची कोरली आहेत, बाकीच्या बहुतेक खाचा रिकाम्या आहेत. मला विचाराल तर या विद्यापीठातला नीतीचा सगळ्यात चांगला पेपर त्या मुलांनी सोडवला. रोजच्या वाटेवरची पाटी पाहून ‘एवढंच?’ असं त्यांनी विचारलं.

आपल्याकडे मूल्यशिक्षण म्हटलं की सुविचार, भाषण आणि हजेरीपटावरची सही. प्रॅक्टिकलची जर्नल मित्राच्या जर्नलवरून उतरवताना कुणाचा हात थांबत नाही, आणि थांबायला हवा हे खरंच. पण तेवढ्यावर भागत नाही. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर राबायचं, ही लग्नगड्याची पद्धत आपल्याच मुलखातली. शेजारच्या तलासरी-डहाणूकडे १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली आदिवासी उभे राहिले, तेव्हा तिचा कणा मोडला. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ कॉलेजच्या ग्रंथालयात असेल, तर काढून वाचा. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. तरीही दिवाळी सरली की आगाऊ रक्कम उचललेली कुटुंबं मुलाबाळांसकट भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्याचे आईबाप त्यांत असतील. त्या विटांनी कुणाची घरं बांधली जातात आणि मजुरीचा हिशेब कोण लिहितो, हा प्रश्न कोणत्याच पेपरात येत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. गटार काढणं, झाडं लावणं चाललंय ते चालू द्या. पण यंदा शिबिर जामसरच्या आसपासच्या पाड्यांवर असेल, तर एक वही वेगळी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्या घरात लग्नगडी कोण होतं, किती रुपयांपायी, कुणाकडे. भट्टीवर जाणाऱ्यांना विचारा, उचल किती मिळाली आणि फिटली का. त्यांची परवानगी घेऊन नावं लिहा, गावं लिहा, आकडे लिहा. ती वही कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा आणि तिची एक प्रत ज्यांनी सांगितलं त्यांच्या पाड्यावर द्या.