आई एकटीच गाडी घेऊन निघाली, आणि सगळ्यांनी विचारलं: 'कशाला?'

लोकलच्या गर्दीत ज्यांना हेडफोन लावायलाही हात मोकळा मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. माझं अडखळणं तेवढं वगळलंय, बाकी सगळं तसंच.

आजचा विषय आहे पन्नाशी-साठीतल्या बाईने एकटीने लांबच्या प्रवासाला निघणं. रील्समध्ये त्याला 'सेल्फ डिस्कव्हरी' म्हणतात. मागे डोंगर, खाली इंग्रजी कॅप्शन. मला ते जरा अतीच वाटायचं. मग या मे महिन्यात आमच्या घरीच ते घडलं आणि मला थोडं वाचावं लागलं. त्यातून जे समजलं ते सांगतो.

आम्ही वागळे इस्टेटमध्ये राहतो. मी कामालाही इथेच, जुन्या कारखान्यांच्या मधे उभ्या राहिलेल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यांची गाडी खाली पार्किंगमध्ये नुसती उभी होती. दोनदा बॅटरी उतरली. मी म्हटलं, विकून टाकू. आई म्हणाली, "थांब जरा." आणि छप्पन्नाव्या वर्षी तिने ड्रायव्हिंग क्लास लावला. इस्टेटमधले रस्ते सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकामे असतात, तिथे तिने क्लच, गिअर आणि रिव्हर्स पक्कं केलं. आता ती अठ्ठावन्नची आहे. मे महिन्यात तिने जाहीर केलं की ती गाडी घेऊन देवरुखला जाणार. एकटी. साधारण तीनशे किलोमीटर.

घरात, सोसायटीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न एकच: "कशाला?" आईचं उत्तर तयार होतं. "मामाने आंबे न्यायला बोलावलंय."

हे उत्तर लक्षात ठेवा. आजचा सगळा एपिसोड त्याच्यावर आहे.

जगातली पहिली रोड ट्रिप माहेरची होती

कार्ल बेंझ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचं पेटंट त्याने १८८६ मध्ये घेतलं. पण गाडी विकली जात नव्हती, कारण ती लांब जाऊ शकते यावर कुणाचा विश्वासच नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे त्याची बायको बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, गाडी काढून निघाली. मॅनहाइम ते फॉर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या थोडं वर. सांगायचं कारण काय, तर 'आईकडे जातेय'.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे डाग काढायचं द्रावण, विकत घेतलं. ब्रेक झिजले तर मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून परतल्यावर नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा. आमच्या भाषेत सांगायचं तर तिने प्रॉडक्टचं पहिलं फील्ड टेस्टिंग केलं आणि बग रिपोर्टही दिला.

बेर्टा तेव्हा ३९ वर्षांची होती आणि सोबत मुलं होती, त्यामुळे ती आपल्या विषयात अर्धीच बसते. पण खरा उद्देश गाडी सिद्ध करण्याचा आणि बोलायचं कारण माहेरचं, ही जोडी मला फार ओळखीची वाटली.

देवरुखची पार्वतीबाई

आता आपल्याकडे येऊ. आई जिथे निघाली होती त्या देवरुखातच १८७० मध्ये पार्वतीबाई आठवले जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी लहान मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन. त्यांची बहीण गोदूबाई हीदेखील विधवा. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला गेला. पार्वतीबाई तिथे आल्या आणि पंचविशी उलटल्यावर शिकायला बसल्या. पुढे आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगाव फिरल्या. आणि एका टप्प्यावर त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

१९१८ मध्ये, ४८ व्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. एकट्या. इंग्रजी जेमतेम. सांगितलेलं कारण होतं इंग्रजी शिकणं, म्हणजे संस्थेसाठी आणखी लोकांपर्यंत पोचता येईल. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं आणि भाषा शिकल्या. १९२० मध्ये परत आल्या. १९२८ मध्ये 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र आलं आणि दोन वर्षांनी त्याचा इंग्रजी अनुवादही झाला.

रोड ट्रिप नव्हती ती, हे मान्य. पण विचार करा. ज्या बाईने कुठे बसायचं, काय खायचं, डोक्यावर केस ठेवायचे की नाही हेसुद्धा वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी ठरवलं, ती बाई परक्या देशात रोज सकाळी उठून आज काय करायचं ते स्वतः ठरवत होती. इंग्रजी हे कारण खरंच होतं, ते खोटं नव्हतं. पण त्या कारणाच्या आत आणखी काहीतरी चाललं होतं, असं मला वाटतं.

लुटन ते महाड

गाडीचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे, आणि तेही याच रस्त्यावरचं. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारुलता कांबळे लुटनहून स्वतः गाडी चालवत भारतात आल्या. एकट्या, ३२ देश पार करत, ३५ हजार किलोमीटरच्या वर. प्रवासाचा शेवट आपल्या रायगड जिल्ह्यातल्या महाडला. वय चाळिशीच्या पुढे. त्यांनी ही मोहीम 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या संदेशासाठी केली.

इथे मला पॅटर्न दिसायला लागला. बेर्टाचं माहेर, पार्वतीबाईंची संस्था, भारुलतांचा संदेश, आईचे आंबे. कारणं लहान-मोठी आहेत, सगळी खरी आहेत. पण प्रत्येकीला कारण सोबत बाळगावं लागलं, लायसन्ससारखं. मी गेल्या वर्षी चार मित्रांबरोबर बाइकवरून स्पितीला गेलो. कुणी विचारलं, "कशाला?" तर मी म्हटलं, "असंच." तेवढं पुरलं. हा 'असंच' आपल्या आयांना मिळत नाही.

ठिपका थांबला तेव्हा

आता माझा भाग, जो मला फारसा भूषणावह नाही. आई निघायच्या आधी मी तिच्या फोनवर लाइव्ह लोकेशन चालू केलं. पहाटे पाचला ती निघाली. पनवेल, पेण, वडखळ, माणगाव. मी ऑफिसमध्ये एका स्क्रीनवर कोड आणि दुसऱ्यावर आईचा ठिपका बघत होतो. महाड गेलं. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या आसपास, ठिपका थांबला. दहा मिनिटं. वीस. चाळीस.

मी चौदा कॉल केले. चौदा! मामाला फोन केला, त्यालाही घाबरवलं. शेवटी खेडच्या पुढून तिचाच फोन आला. रेंज गेली होती, मग ती चहाला थांबली होती. मी ओरडलो, "फोन का नाही घेतलास?" ती शांतपणे म्हणाली, "गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, असं तूच शिकवलंस ना?"

रात्री देवरुखला पोचल्यावर तिने लोकेशन बंद केलं. मला सांगून केलं. म्हणाली, "उद्यापासून सकाळ-संध्याकाळ मेसेज करीन. तेवढं पुरे." मला राग आला. मग दोन दिवसांनी लक्षात आलं की तो ठिपका तिच्या सुरक्षेसाठी कमी आणि माझ्या समाधानासाठी जास्त होता. कशेडीत खरंच काही झालं असतं तर ठाण्यात बसून ठिपका बघणारा मी काय करणार होतो? तिथे कामाला आले असते ते चहावाला, ट्रकवाले आणि हेल्पलाइन. एकट्याच्या प्रवासात माणूस अनोळखी लोकांवर जास्त अवलंबून असतो. बेर्टाला औषधवाला आणि मोची लागला, पार्वतीबाईंना अमेरिकेतली अनोळखी घरं लागली. तिथे विचारायला शिकणं हाच बहुतेक प्रवासाचा मोठा भाग आहे. आई आयुष्यभर गाडीत बाबांच्या शेजारी बसून पाण्याची बाटली देत आली. रस्ता बाबा विचारायचे. काच खाली करून ती स्वतः रस्ता विचारते आहे, हे मी अजून पाहिलेलंच नाही.

मग आपण काय करायचं?

तुमच्या आईला, मावशीला, काकूला जायचं असेल तर ट्रॅकिंगपेक्षा या गोष्टींत मदत करा.

पहिली, लायसन्स. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत वयावर ठरते. ५० ते ५५ मध्ये लायसन्स काढलं किंवा नूतनीकरण केलं तर ते साठाव्या वर्षापर्यंत चालतं. ५५ नंतर दर वेळी पाच वर्षं. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, लागतं. तारीख आत्ताच बघून घ्या.

दुसरी, गाडी कुणाच्या नावावर आहे? आमच्याकडे बाबांच्या नावावर होती आणि आम्ही ते लांबवलं. तुम्ही लांबवू नका. मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. सोबत इन्शुरन्सही नावावर करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी डोक्याला ताप होतो.

तिसरी, स्टेपनी. आईला आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याने जॅक लावून चाक बदलायला शिकवलं. दोनदा तिच्याकडूनच करून घेतलं. यूट्यूबवर बघणं आणि हाताने नट सोडवणं यात फार फरक आहे.

चौथी, नंबर. ११२ कुठल्याही संकटासाठी, १०३३ राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी. फोनमध्ये सेव्ह करा आणि कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा, कारण बॅटरी संपते. उजेडात पोचता येईल असं निघायचं आणि दर दोन तासांनी थांबायचं.

आणि गाडी नसेल, येत नसेल, तरी अडत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि पंचाहत्तरीनंतर मोफत. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. खिडकीची सीट मिळाली की तोही एकटीचा प्रवासच आहे, फक्त स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात.

आंबे

आई सहा दिवसांनी परत आली. डिकीत दोन पेट्या आंबे, एक फणस, आणि डाव्या दारावर एक लांब ओरखडा, ज्याबद्दल ती काही बोलायला तयार नाही. तिला 'स्वतःचा शोध' वगैरे लागला का, ते मी विचारलं नाही. एवढं कळलं की येताना ती महाडला एक रात्र राहिली. रायगडचा रोप-वे तिला लग्नाआधीपासून बघायचा होता, म्हणजे रायगड बघायचा होता, रोप-वे तेव्हा नव्हताच. बाबांना चढ-उताराचा कंटाळा, मग राहून गेलं. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "गणपतीनंतर जरा कोल्हापूरकडे जाऊन येईन म्हणते."

माझ्या तोंडात 'कशाला?' आलाच होता. कोल्हापुरात आमचं कुणी नाही. तिथे आंबेही नाहीत. मी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "टायर बदलायचेत का आधी?"

ती म्हणाली, "पुढचे दोन."

आज एवढंच. तुमच्या घरातल्या बाईला कुठे जायचं राहून गेलंय, ते एकदा विचारा, आणि तिने नाव घेतलं की लगेच 'कशाला' म्हणू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, सांभाळून चालवा.