पोकळीचे रसायन

डोंबिवलीचे रंग अनेकदा बातमीचा विषय झाले आहेत, आणि तेही चांगल्या कारणासाठी नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहत येणारी वालधुनी कल्याणला उल्हास नदीला मिळते, तिच्याबद्दल तर पुलावरून जाणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. पाण्यात विरघळलेला रंग गाळणीत अडकत नाही, आणि बरेच रंग तुरटीनेही पुरते खाली बसत नाहीत. म्हणूनच मला सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेविषयी लिहावेसे वाटते.

१८९१ साली फ्रान्समध्ये व्हिलिए यांना जिवाणूंनी पचवलेल्या स्टार्चमध्ये तिचे स्फटिक प्रथम मिळाले. ग्लुकोजच्या सहा, सात किंवा आठ कड्या गोलाकार जोडल्या की अनुक्रमे आल्फा, बीटा आणि गॅमा हे तीन प्रकार होतात. आकार बिनबुडाच्या वाटीसारखा. वाटीची बाहेरची बाजू पाण्यात रमणारी. आतली पोकळी मात्र पाण्याला फारशी न मानवणारी. त्यामुळे पाण्याशी न जमणारा, मापात बसणारा रेणू त्या पोकळीत शिरतो. करोनाकाळात ज्यासाठी आपण वणवण केली, त्या रेमडेसिव्हिरच्या भुकटीच्या कुपीत १०० मिलिग्रॅम औषधाला सुमारे ३ ग्रॅम सुधारित बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन असते. औषध पाण्यात विरघळते ते तिच्यामुळे.

इथे रासायनिक बंध होत नाही. पाहुणा येतो, बसतो, वेळ आली की निघतो. अशा सैल नात्यांतून वस्तू घडवण्याच्या शास्त्राला १९८७ चे नोबेल मिळाले. जपानमध्ये हारादा यांनी १९९२ मध्ये लांब रेणूच्या दोऱ्यात आल्फा-वाट्या ओवून, टोकांना गाठी मारून रेणूंची माळ केली. पुढे इतो आणि ओकुमुरा यांनी अशा माळांच्या वाट्या एकमेकींना जोडल्या. ताण आला की दोरा वाट्यांतून सरकतो, ताण सर्वत्र वाटला जातो आणि जेल फाटत नाही.

सांडपाण्यासाठी मात्र सुटी वाटी निरुपयोगी, कारण ती पाण्याबरोबर वाहून जाईल. म्हणून वाट्या एकमेकींना जोडून न विरघळणारे सच्छिद्र जाळे करावे लागते. २०१६ मध्ये अमेरिकेत डिक्टेल यांच्या गटाने असे बीटा-जाळे केले. प्लॅस्टिकमधून येणारे बिस्फेनॉल-ए त्याने झपाट्याने टिपले, आणि साध्या तापमानाला मेथॅनॉलने धुतल्यावर जाळे पुन्हा वापरता आले. मिथिलीन ब्लूसारख्या रंगांवरही अशा जाळ्यांचे प्रयोग झाले आहेत.

या 'धुतल्यावर' शब्दापाशी मी थांबतो. पकड सैल आहे म्हणूनच जाळे पुन्हा वापरता येते. पण पकडलेले विष नाहीसे होत नाही, ते धुवणाच्या मेथॅनॉलमध्ये उतरते. ते कोण गाळणार, कुठे जाळणार, त्याचा खर्च कोणाच्या माथी? पोकळी फक्त विष एका जागेवरून उचलते. दुसरी जागा वालधुनी नसावी, हे ठरवणे रेणूच्या नव्हे, आपल्या हाती आहे.