वैशाखातील ऊन आणि पेशींचे वय

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत वैशाखाचा पारा जेव्हा ४० अंशांपलीकडे चढतो, तेव्हा एकाच रानात राबणाऱ्या तरण्या नातवाला जे ऊन नुसते दमवून सोडते, तेच त्याच्या आजोबांच्या जिवावर बेतू शकते. आणि घाम कमी येणे, तहानेची जाणीव मंदावणे ही त्याची सर्वश्रुत कारणे खरी असली, तरी त्यांच्या जोडीला पेशींच्या अंतर्भागात होणारी एक दिरंगाईही विचारात घेण्याजोगी आहे.

पेशीतील प्रथिने विशिष्ट घड्या पडल्यावरच कार्यक्षम होतात. अति उष्णतेने त्या घड्या उलगडतात आणि विस्कटलेली प्रथिने परस्परांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होऊ लागतात. अशा प्रसंगी पेशी काय तजवीज करते, याचा पहिला माग फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला अनपेक्षितपणे लागला: उबवणपेटीचे तापमान कोणीतरी वाढवून ठेवल्यामुळे फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर नवेच फुगवटे उमटले, आणि १९६२ साली त्याने ते निरीक्षण प्रसिद्ध केले. तेथे जागृत झालेली जनुके जी रक्षक प्रथिने घडवतात, ती विस्कटलेल्यांना पुन्हा आकार देतात आणि निकामी झालेल्यांची विल्हेवाट लावण्यास साहाय्य करतात. हा सारा बंदोबस्त एचएसएफ-१ नामक प्रथिनाच्या हुकमाने चालतो.

वृद्ध उंदरांच्या यकृतपेशींत हे हुकूम देणारे प्रथिन पुरेसे असूनही उष्णतेच्या प्रसंगी ते जनुकांना नीट जोडले जात नाही, त्यामुळे रक्षक प्रथिनांची कुमक तोकडी पडते. वृद्ध स्नायूंतही श्रमानंतरचा हा प्रतिसाद क्षीण होतो. मात्र ज्या उंदरांच्या स्नायूंत रक्षक प्रथिन जनुकीय उपायाने मुबलक ठेवले, त्यांची ताकद उतारवयातही पुष्कळ अंशी टिकली. आतड्याच्या अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत बदलत असल्याने तेथील बिघाड पेशीबरोबरच निघून जातो. मेंदूतील बहुतेक चेतापेशींना मात्र अशी बदली नाही, म्हणून त्यांच्यात विकृत प्रथिनांचा संचय होत राहतो. सर्वांत कठीण अवस्था नेत्रभिंगाची: तेथील मध्यवर्ती पेशींत केंद्रकच उरत नसल्याने नवे प्रथिन घडत नाही आणि अल्फा-क्रिस्टॅलिन या रक्षक प्रथिनाच्या आरंभीच्या शिलकीवरच जन्मभर भागवावे लागते, ती खर्ची पडली की उरलेली प्रथिने गोळा होऊन भिंग गढूळ होते, आणि तोच आपला मोतीबिंदू.

देहाचा जमाखर्च असा ऊतीऊतीला निराळा असल्यामुळे आजोबांचे हातपाय अद्याप धडधाकट आहेत, एवढ्यावर विसंबून त्यांना भर दुपारी रानात धाडणे युक्त नव्हे. कामे सकाळी उरकावीत आणि त्यांनी तहान बोलून दाखवण्याची वाट न पाहता पाणी देत राहावे.