घरी गेल्यावर उठता येईल का?

सकाळी ८. हँडओव्हर. बेड ४ च्या आजी, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरचा नववा दिवस. सेडेशन पहाटे थांबवलंय, हाक मारली की डोळे उघडतात. आजी वाचतील का, हे डॉक्टर बघतायत. वाचल्या तर घरी कशा वावरतील, हा अंदाज मी, फिजिओथेरपिस्टने, द्यायचा.

८:३०. ताकद मोजण्याआधी समजतंय का ते बघायचं. डोळे उघडा, मिटा. माझ्याकडे बघा. जीभ दाखवा. मान हलवा. मी पाच म्हटलं की भुवया उचला. सगळं जमलं. मग दोन्ही बाजूंचे खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा. प्रत्येकाला ० ते ५ गुण. ६० पैकी ४८ च्या खाली म्हणजे आयसीयूत आलेला अशक्तपणा. आजींना ३४.

१०. सोनोग्राफीवर मांडीचा स्नायू रोडावलेला दिसतो. २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात गंभीर रुग्णांच्या या स्नायूचं क्षेत्रफळ दहा दिवसांत सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलं होतं.

११:३०. नातेवाईक. माझ्या मते दिवसातली सगळ्यात मोलाची तपासणी इथे, दाराबाहेरच्या बाकावर होते. मुलगा म्हणतो, “आई एकदम ठणठणीत होती हो.” असं सगळेच म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. मी सुनेकडे वळते. “ताई, जमिनीवरून उठताना कशाला धरायच्या? संडास भारतीय आहे की कमोड? आंघोळीची बादली कोण उचलायचं?”

ती जरा थांबते. “दिवाळीपासून देवळात गेल्याच नाहीत. पाटावर बसल्या की उठवायला मला हाक मारायच्या.”

स्नायूंच्या गुणांपेक्षा हे उत्तर मला अधिक सांगतं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सत्तरीपुढच्या माणसांबद्दल हेच दाखवलं: आयसीयूआधीच्या वर्षात जे आधीच परावलंबी होत चालले होते, ते नंतर क्वचितच सावरले. वय आणि आयसीयूतला मुक्काम यांचंही वजन मोठं. रोजची कामं किती जमतात हे मोजणाऱ्या नेहमीच्या बार्थेल इंडेक्समध्ये खुर्ची आहे, जिना आहे, पण जमीन नाही. म्हणून तो प्रश्न मी हाताने लिहून ठेवते.

“म्हणजे आई चालणार नाही?” मुलगा विचारतो. तसं मी म्हणत नाही. “चालतील कदाचित. पण काही महिने माणूस लागेल, असं धरून तयारी करा.”

दुपारी ३. व्हेंटिलेटरसकट आजींना पलंगाच्या कडेला बसवलं, सिस्टर नळ्या सांभाळतायत. ऑक्सिजन ८८ वर येताच परत झोपवलं. लवकर हालचालीने फायदा होतो, हे २००९ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. जास्त जोर लावून अधिक फायदा होत नाही, उलट त्रास वाढतो, हे २०२२ च्या मोठ्या चाचणीत. मी सावकाश जाते.

५. फाइलमध्ये लिहिते: कमोडची खुर्ची, उंच पलंग, दिवसभर सोबत, तीन महिन्यांनी सहा मिनिटं चालण्याची तपासणी. सून निघताना सांगते, उद्या संडासाचा फोटो आणते. दाराची रुंदीही मोजून आणा, म्हणते मी, वॉकर आत जायला हवा.