परसातून पाकिटापर्यंत

मालवण-वेंगुर्ल्याच्या परसातली झाडे घरखर्चाला हातभार लावू शकतात. सुरुवात करणाऱ्यांसाठी:

● गवती चहा : पावसाच्या तोंडावर ठोंब फोडून लावा. तीन-चार महिन्यांनी, बुडखा चार बोटे राखून कापा. पुन्हा फुटवे येतात.

● मिरी : वेल माडा-पोफळीवर चढवा. घडातले एक-दोन दाणे लाल झाले, की घड काढा.

● दालचिनी : दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात १९९२ची. साल पावसाळा सरल्यावर काढतात.

● वाळवण : पाने सावलीत, वाऱ्यावर वाळवा. किनाऱ्याची हवा दमट. पान चुरगळताना कुरकुरीत मोडले, तरच हवाबंद पाकीट भरा. ओल राहिली, तर बुरशी ठरलेली.

● नोंदणी : विक्रीपूर्वी एफएसएसएआय नोंदणी करा. १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन आणि पॅकिंगची तारीख पाकिटावर छापा.

● अनुदान : २०२०मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांची तरतूद आहे. सद्यस्थिती कृषी कार्यालयात विचारा.

● पहिले गिऱ्हाईक : तारकर्ली-मालवणच्या खानावळी आणि होमस्टे. थोडा माल द्या, पण दर महिन्याला त्याच प्रतीचा द्या.