किल्ली द्यावी की चिठ्ठी?

यंदाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाची भांडी आवरत असताना मंडळातल्या एका वहिनींनी मला बाजूला बोलावले. "अहो भावजी, तुम्ही इतकी वर्षे कॉम्प्युटरमध्ये काढलीत, एक सांगा. हे गेल्यापासून सगळे हिशेब माझ्या अंगावर आले आहेत. चार बँका, दोन क्रेडिट कार्डे, शिवाय ह्यांची निवृत्तीची खाती. मुलगा म्हणतो, एक ॲप घे, सगळे एका जागी दिसेल. पण ते ॲप बँकेचे नाव विचारते आणि लगेच पासवर्ड मागते. द्यायचा का?"

मी म्हटले, "वहिनी, पासवर्ड कोणाच्या पानावर मागतात त्यावर ते अवलंबून आहे." त्यांच्या चेहऱ्यावरून कळले की ह्या उत्तराचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नव्हता. हे उत्तर समजायला गेल्या पंचवीस-तीस वर्षांची एक हकिगत ठाऊक हवी. आपल्यापैकी अनेकांपुढे हाच प्रश्न असणार, म्हणून ती येथे सांगतो.

एपीआय म्हणजे काय?

आपल्याकडच्या बँकेत पूर्वी पैसे कसे काढत असू ते आठवा. काउंटरवर छापील स्लिप भरायची. खाते क्रमांक, रक्कम, तारीख, सही. कारकून स्लिप घेई, हातात पितळी टोकन देई आणि नंबर पुकारला की पैसे मिळत. आत खातेवही कोठे आहे, ती कोण पाहतो, ह्याची आपल्याला फिकीर नसे. काउंटर ओलांडून आत जायची परवानगीही नसे. ठरलेल्या खिडकीवर ठरलेल्या नमुन्यात मागायचे आणि ठरलेलेच मिळायचे.

एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडे माहिती मागण्यासाठी केलेली अशीच खिडकी म्हणजे ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस, अर्थात एपीआय. ही देवघेव इंटरनेटच्या वेबवरून चालली की तिला वेब एपीआय म्हणतात.

खिडकी नव्हती तेव्हा

१९९०च्या दशकात बँका वेबवर आल्या त्या माणसांच्या डोळ्यांसाठी. आपण लॉगिन करायचे आणि आकडे वाचायचे. ते आकडे घरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप यावेत म्हणून मायक्रोसॉफ्ट, इंट्युइट आणि चेकफ्री ह्या तीन कंपन्यांनी १९९७ साली ओएफएक्स नावाचा एक समान नमुना ठरवला. तो उपयोगी होता, पण प्रत्येक बँकेने काही तो स्वीकारला नाही.

मग दुसरी वाट निघाली. १९९९ साली सुरू झालेल्या योडलीसारख्या कंपन्या अनेक खाती एका पानावर दाखवू लागल्या. त्यासाठी त्या आपला पासवर्ड घेत. त्यांचा प्रोग्रॅम आपल्या नावाने बँकेत लॉगिन करी आणि पडद्यावरचे आकडे टिपून घेई. ह्याला स्क्रीन स्क्रेपिंग म्हणतात. ह्यात दोन अडचणी होत्या. बँकेने पानाची मांडणी बदलली की टिपणारा प्रोग्रॅम गोंधळे. आणि त्याहून मोठी गोष्ट, आपण त्यांना घराची किल्लीच दिलेली असे. शिल्लक पाहायला दिलेल्या त्याच पासवर्डने पैसेही हलवता येतात.

स्वतःचीच गोष्ट सांगतो. २००८च्या सुमारास मीही एका संकेतस्थळाला माझा बँकेचा पासवर्ड दिला होता. भारतातून परतल्यावर सावधगिरी म्हणून मी तो बदलला आणि ह्या संकेतस्थळाची आठवणही राहिली नाही. ते बिचारे जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहिले. बँकेला वाटले चोर आला, आणि तिने माझे ऑनलाइन खाते बंद केले. नेमका त्याच दिवशी घराचा हप्ता भरायचा होता. फोनवर चाळीस मिनिटे गेली. शेवटी पलीकडच्या बाईंनी विचारले, "तुमचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे का?" सॉफ्टवेअरमध्ये जन्म काढलेला मी, काय उत्तर देणार?

खिडक्या उघडू लागल्या

बाहेरच्या जगात मात्र तोवर खिडक्या उघडू लागल्या होत्या. सेल्सफोर्सने २००० सालच्या फेब्रुवारीत आणि ईबेने त्याच वर्षी नोव्हेंबरात आपले एपीआय सुरू केले. ॲमेझॉनने २००२ साली आपल्या दुकानातल्या मालाची माहिती बाहेरच्या प्रोग्रॅमना मागता येईल अशी सोय केली. ह्यामुळे ईबेवर शेकडो वस्तू विकणाऱ्याला प्रत्येक वस्तूसाठी हाताने फॉर्म भरण्याची गरज उरली नाही.

त्या काळी निरोप पाठवण्याची सोप नावाची एक पद्धत होती. नाव सोप असले तरी ती सोपी नव्हती! लहानशा प्रश्नालाही एका लिफाफ्यात दुसरा लिफाफा घालून पाठवावा लागे. रॉय फील्डिंग ह्यांनी २०००च्या आपल्या प्रबंधात रेस्ट ही मांडणी सांगितली. प्रत्येक गोष्टीला वेबवर स्वतःचा पत्ता द्या आणि वेबला आधीच येणारी मोजकी क्रियापदे वापरा: आण, ठेव, बदल, पुसून टाक. त्याला डग्लस क्रॉकफर्ड ह्यांनी पुढे आणलेल्या जेसन ह्या सुटसुटीत लेखनपद्धतीची जोड मिळाली आणि एपीआय लिहिणे सामान्य प्रोग्रॅमरच्या आवाक्यात आले.

२००५ साली पॉल रेडमाकर ह्यांनी क्रेग्सलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर नेऊन बसवल्या. तेव्हा नकाशाचा एपीआय नव्हताच, त्यांनी तो आतून उलगडून पाहिला होता. त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने रीतसर खिडकी उघडली. आज घर शोधताना नकाशावर किमतींचे ठिपके दिसतात, त्याचे मूळ अशा खटपटींत आहे.

चिठ्ठीचा शोध

खिडक्या झाल्या, पण खिडकीवर आलेला प्रोग्रॅम आपल्याच सांगण्यावरून आला आहे हे कसे ओळखायचे? अनेक संकेतस्थळे सरळ दुसरीकडचा पासवर्ड मागत. ह्यावर निरनिराळ्या कंपन्यांतल्या प्रोग्रॅमरनी मिळून ओऑथ नावाचा उपाय काढला. त्याची पहिली आवृत्ती २००७ साली आली आणि आज सर्वत्र चालणारी दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये.

काही गाड्यांना व्हॅले पार्किंगसाठी वेगळी किल्ली असते. तिने गाडी चालते, पण डिकी उघडत नाही. ओऑथची कल्पना तीच आहे. ॲप आपल्याला बँकेच्या स्वतःच्या पानावर पाठवते. पासवर्ड आपण तेथे, बँकेलाच देतो. कोणती खाती दाखवायची, हे बँक आपल्याला विचारते. मग ती ॲपला एक सांकेतिक चिठ्ठी देते. गंमत म्हणजे तिचे नावही टोकनच आहे! ह्या टोकनवर ठरलेले तेवढेच मिळते, आणि आपल्याला हवे तेव्हा ते रद्द करता येते. पासवर्ड ॲपला कळतच नाही, त्यामुळे तो बदलावाही लागत नाही.

बँकांचे काय झाले?

ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून ओपन बँकिंग सुरू झाले. सरकारी स्पर्धा आयोगाने नऊ मोठ्या बँकांना असे एपीआय देणे भागच पाडले. युरोपातही त्याच सुमारास तसा कायदा लागू झाला. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१६ साली अकाऊंट ॲग्रिगेटरचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही सोय प्रत्यक्षात आली. तेथला मध्यस्थ फक्त आपली संमती आणि कुलूपबंद माहिती पोचवतो, त्याला स्वतःला ती वाचता येत नाही.

आपल्या अमेरिकेत मात्र घोडे अडले आहे. ग्राहकाला स्वतःची आर्थिक माहिती मिळण्याचा हक्क २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात लिहिला गेला, पण त्याचा सविस्तर नियम यायला ऑक्टोबर २०२४ उजाडले. त्यावर लगेच कोर्टात दावा झाला आणि २०२५ मध्ये त्याचा फेरविचार सुरू झाला. अनेक मोठ्या बँकांनी आपापसांतल्या करारांनी टोकनची पद्धत आणली आहे, पण काही ठिकाणी जुनी पासवर्डची वाट अजून चालू आहे. म्हणूनच वहिनींना मी एका शब्दात उत्तर देऊ शकलो नाही.

दवाखान्याचे कागद

आरोग्याच्या बाबतीत इथला कायदा पुढे गेला. इस्पितळांतल्या यंत्रणांनी आपापसांत बोलावे म्हणून एचएल-सेव्हन ही संस्था १९८७ पासून नमुने ठरवत आहे. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहॅम ग्रीव्ह ह्यांनी रेस्टच्या धर्तीवर नवा नमुना सुचवला. त्याचे नाव फायर, पण आगीशी त्याचा संबंध नाही! डिसेंबर २०१६ च्या क्युअर्स कायद्याने आणि २०२० च्या नियमांनी रुग्णाला आपली नोंद एपीआयमधून मिळण्याची तरतूद केली. सरकारमान्य वैद्यकीय सॉफ्टवेअरमध्ये ही खिडकी २०२२ अखेरपर्यंत बसवणे आवश्यक ठरले.

ह्याचा उपयोग आम्हाला २०२३ साली झाला. मुलीकडे दुसऱ्या राज्यात गेलो असताना सौ.च्या पोटात दुखू लागले. रात्री तिला इमर्जन्सीत नेले. रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन स्कॅन करायचा होता आणि डॉक्टरांना तिच्या मूत्रपिंडाचे आधीचे आकडे हवे होते. पूर्वी मी अशा प्रवासात कागदांची जाडजूड फाइल बाळगत असे, त्या वेळी ती घरी राहिली होती. पण आमच्या इस्पितळातले तीन वर्षांचे क्रिएटिनीनचे आकडे तिच्या फोनवर आलेले होते. डॉक्टरांनी ते पाहिले, नवीन तपासणीशी ताडले आणि मग निर्णय घेतला. सुदैवाने दुखणे किरकोळ निघाले.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. इस्पितळ आणि विमा कंपनी १९९६ च्या हिपा कायद्याने गुप्ततेला बांधलेली आहेत. आपण स्वतः निवडलेल्या ॲपमध्ये नोंद गेली की त्या ॲपला तो कायदा सहसा लागू होत नाही. तेथे त्या ॲपने छापलेली गुप्ततेची कलमे हीच मुख्यतः आपली ढाल.

चिठ्ठीही जपून लिहावी

चिठ्ठी किल्लीपेक्षा बरी, पण सर्व काही देऊन टाकणारी चिठ्ठी काय कामाची? २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण गाजले. फेसबुकच्या म्हणण्यानुसार त्यात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी. कोणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. प्रश्नमंजुषेच्या एका ॲपला काही लाख लोकांनी परवानगी दिली, आणि तेव्हाच्या एपीआयमधून त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळत असे. खिडकी होती, चिठ्ठीही होती, पण चिठ्ठीवर मागितलेले फार होते.

तेव्हा एवढे लक्षात ठेवावे:

१. पासवर्ड टाइप करण्याआधी वरचा पत्ता वाचा. बँकेचे बोधचिन्ह दिसले म्हणजे ते बँकेचे पान असे नव्हे. फोनवर बँकेचे स्वतःचे ॲप उघडले तर उत्तम.

२. ॲप आपल्याच चौकटीत बँकेचा पासवर्ड मागत असेल तर थांबा. बँकेला विचारा, टोकनची सोय आहे का.

३. परवानगीच्या पानावर हवी तेवढीच खाती निवडा. केवळ पाहण्याची परवानगी आणि पैसे हलवण्याची परवानगी ह्या वेगळ्या गोष्टी आहेत.

४. वर्षातून एकदा, टॅक्सचे कागद काढाल तेव्हा, बँकेच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या ॲपची यादी पाहा. नको ती तोडा. फोनवरून ॲप पुसले म्हणजे परवानगी रद्द होतेच असे नाही.

५. परवानगी रद्द केल्यावर आधी गेलेली माहिती परत येत नाही. ती पुसून टाकण्याबद्दल ॲपच्या कंपनीला वेगळे लिहावे लागते.

पुढच्या रविवारी आम्ही उभयता वहिनींकडे गेलो. तीन बँकांच्या बाबतीत बँकेचे स्वतःचे पान उघडले आणि काम दहा मिनिटांत झाले. चौथीसाठी ॲपने आपल्याच चौकटीत पासवर्ड मागितला. मी काही बोलण्याआधीच वहिनी म्हणाल्या, "ही किल्ली आहे ना? मग नको." त्या बँकेचे पत्रक त्या महिन्यातून एकदा स्वतः लॉगिन करून पाहतात आणि शिल्लक वहीत लिहून ठेवतात. मला तर ही व्यवस्था अगदी पटली.